बर्फाचा धुरा

फेब्रुवारीतली दुपार होती. सोंगलेला हरभरा अंगणात वाळत पडलेला आणि मी ओसरीत सुपात तूर घेऊन खडे निवडत बसलेली. फोन वाजला. लेकीने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला होता, तिच्या घराचा. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसच्या जवळ तिचं घर आहे. छपराच्या काठावरून काचेच्या कांड्या लोंबाव्यात तसं बर्फ लोंबत होतं. काही कांड्या बोटभर, काही हातभर, आणि मागून ऊन आल्यामुळे सगळं लखलखत होतं. पाच मिनिटांत ग्रुप भरून गेला. नणंदेने हात जोडले, भाच्याने ‘स्वर्ग’ लिहिलं, चुलत दिरांनी नेहमीप्रमाणे गुलाबाचं फूल पाठवलं.

मी फोन मामाजींपुढे धरला. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या यवतमाळकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे, कान थोडे मंद, डोळे शाबूत. त्यांनी धोतराच्या सोग्याला चष्मा पुसला, दोन बोटांनी फोटो मोठा केला (ही विद्या नातवाने शिकवलेली), बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “हे चांगलं नाई बाई. घर गळते इचं.”

“मामाजी, बर्फ आहे ते. तिकडे पडतंच.”

“पडते थे समजते मले. पन हे पडलेलं नाई, हे वाह्यलेलं हाय. वरून पानी आलं अन् वळचणीले येऊन थांबलं. पानी वळचणीले थांबलं म्हनजे थे मांगं सरकते.”

मी हसून सोडून दिलं. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलेली बाई मी. ज्यांनी उभ्या जन्मात फ्रीजमधल्याशिवाय बर्फ पाहिला नाही, त्यांनी मला मिनेसोटाचा बर्फ समजावून सांगावा?

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला लेकीचा फोन. तिकडे आदल्या दिवसाचे संध्याकाळचे सात. आवाजावरूनच कळलं. झोपायच्या खोलीत खिडकीच्या वरून पाणी ठिबकत होतं, छताला ताटाएवढा तपकिरी डाग पडला होता आणि डागाच्या मधोमध छत फुगून आलं होतं. बाहेर उणे पंधरा. पाऊस नाही, ढग नाही, आणि घर गळतंय.

“आई, याला इकडे आइस डॅम म्हणतात.”

मामाजींनी शब्द ऐकला, अर्थ विचारला, आणि लगेच बदलून टाकला. “धरन कायले? धुरा म्हन ना. बर्फाचा धुरा.”

आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. धुऱ्यावरून भाऊ भावाच्या जिवावर उठतो, धुऱ्यावरच बोरीची झाडं वाढतात, आणि पावसाळ्यात धुरा जास्त उंच झाला की सोयाबीनमध्ये पाणी तुंबतं. लेकीने जे सांगितलं ते ऐकल्यावर हा शब्द इतका चपखल बसला, की आता आमच्या घरात दुसरा शब्दच चालत नाही.

तिकडची घरं दोन उतारांची असतात. वर डांबराच्या पातळ चौकोनी चकत्या एकीवर एक चढवून बसवलेल्या असतात, त्यांना शिंगल म्हणतात. खाली प्लायवूड, त्याखाली रिकामा माळा, आणि माळ्याखाली खोल्यांचं छत. छपरावर फूटभर बर्फ साचतो. घरात हीटर चालू, वीस-एकवीस अंश. ही ऊब छताच्या बारीकसारीक फटींतून वर माळ्यात चढते आणि छपर आतून कोमट करते. वर साचलेला बर्फ गोधडीसारखा असतो, बाहेरची थंडी छपरापर्यंत पोचू देत नाही. त्यामुळे बाहेर कितीही गारठा असला तरी छपराला चिकटलेला बर्फाचा खालचा थर शून्यावर पोचतो आणि वितळतो. पाणी बर्फाखालून गुपचूप उताराला लागतं आणि वळचणीपाशी येतं. वळचण भिंतीच्या बाहेर आलेली. तिच्याखाली खोली नाही, ऊब नाही, फक्त उघडी हवा. तिथे आल्याबरोबर पाणी गोठतं. आज बोटभर, उद्या वीतभर, असा काठावर बर्फाचा वरंबा उभा राहतो. मागून आलेल्या पाण्याला वाट मिळत नाही आणि छपरावर तळं साचतं.

शिंगल काय, कवेलू (म्हणजे आमच्याकडची कौलं) काय, दोघांचाही धर्म एकच: वरून आलेलं पाणी खाली घालवायचं. उभ्या पाण्याला अडवणं त्यांच्या बापाच्यानेही होत नाही. तुंबलेलं पाणी मागे सरकत सरकत शिंगलच्या खाली शिरतं, खिळ्यांच्या भोकांतून प्लायवूडमध्ये उतरतं आणि तिथून छतात. म्हणजे मामाजी जे म्हणाले होते तेच, अक्षरशः. मी तुरीचे खडे निवडत होते आणि हसत होते.

लेकीला मी विचारलं, मग हा वरंबा उन्हाने वितळून का जात नाही? आणि विचारता विचारता माझं मलाच उत्तर आठवलं. बर्फाच्या वितळण्याचा अप्रकट उष्मा ग्रॅमला 80 कॅलरी. फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल मी हे! शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ शून्य अंशाचंच पाणी व्हायला 80 कॅलरी घेतो, आणि तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यावरून 80 अंशांवर पोचलं असतं. काठावर मणाने बर्फ साचलेला. हिवाळ्यातलं तिरपं ऊन त्याला कुठे पुरणार? मुलांना पाठ करून घेतलेल्या त्या आकड्याचं वजन मला निवृत्तीनंतर, लेकीच्या गळक्या छतामुळे कळलं.

मामाजींना हे सगळं नवीन नव्हतं याचं कारण 2014. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारपिटीने जो कहर केला, तो ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. तेव्हा आम्ही जुन्या कवेलूच्या घरात राहत होतो. मोठ्या घराचा उतार आणि सयपाकघराचा उतार जिथे मिळत होते, तिथे मधोमध टिनाची पन्हाळ होती. दुपारी चारच्या सुमारास आभाळ काळंनिळं झालं आणि गारा सुरू झाल्या, आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. कवेलू फुटल्याचा आवाज घरभर. आम्ही सगळे म्यालीखाली, म्हणजे तुळईखाली, उभे, पोरं कडेवर. फुटलेल्या कवेलूंतून पाणी येणार हे गृहीत धरून मी खाली गंज, घमेली, कोपर मांडून ठेवलेले.

पाणी आलं ते मात्र भलतीकडून. तुरीची पोती जिथे रचली होती त्या भिंतीवरून धारच लागली. तिथे एकही कवेलू फुटलं नव्हतं. मामाजींनी वर पाहिलं, काही बोलले नाहीत, डोक्यावर लोखंडी घमेलं पालथं घातलं आणि शिडी लावून वर गेले. घमेल्यावर गारा टणाटण वाजत होत्या, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पन्हाळ गारांनी आणि झोडपलेल्या कडुनिंबाच्या पाल्याने काठोकाठ भरली होती. पाला खाली, गारा वर, आणि तोंडाशी सगळं घट्ट बसलेलं. मागे पाण्याची डबकी, आणि ते पाणी कवेलूच्या खालून भिंतीत. मामाजींनी दोन्ही हातांनी ते उपसलं. खाली उतरले तेव्हा बोटं पांढरी पडली होती आणि मिटत नव्हती. चुलीपाशी बसवलं तर म्हणाले, “लगेच नोको चुलीजवळ, झोंबते.” तुरीची चार पोती भिजली. एवढ्यावर निभावलं म्हणून आम्ही देवाला नारळ फोडला, कारण शेतातल्या गव्हाचं काय झालं ते सांगण्यासारखं नाही.

तेव्हा लेक बारावीला होती. पोती ओढून बाजूला करताना तीही भिजली होती. आता फोनवर मामाजींनी तिला एवढंच विचारलं, “माय, गारीच्या साली पन्हाय भरलती थे ध्यानात हाय का?” तिकडून दोन क्षण काही आवाज आला नाही. मग ती म्हणाली, “हो आबाजी. आता समजलं.”

त्या रात्री तिने काय केलं ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता, पण ते बरोबर होतं. फुगलेल्या छताखाली बादली ठेवली आणि स्क्रूड्रायव्हरने फुग्याच्या मधोमध भोक पाडलं. भळाभळा पाणी आलं, बादली अर्धी भरली. नसतं पाडलं तर पाणी छताच्या पुठ्ठ्यावर पसरत गेलं असतं आणि भिजलेला अख्खा तुकडा अंगावर पडला असता. आपल्या हाताने आपल्या घराला भोक पाडायचं म्हणजे जिवावर येतं. पण फोड पिकला की फोडावाच लागतो.

जावई तोवर हातोडा शोधत होते. शिडी लावून वर जायचं आणि तो बर्फ ठोकून काढायचा, असा त्यांचा बेत. मामाजींनी फोन माझ्या हातातून घेतला. “जावईबापू, वर चढू नोका. पाय घसरला त धुरा तसाच राहीन अन् तुमी जासान. अन् ठोकाठाकी कराल त बर्फाच्या आंधी छप्पर फुटन.” नंतर कळलं, तिकडचे जाणकारही हेच सांगतात. गारठ्यात शिंगल कडक होऊन ठिसूळ होतात, बर्फावर मारलेला घाव त्यांनाच लागतो, आणि दरवर्षी अशा निसरड्या छपरांवरून माणसं पडतात.

मग करायचं काय? लेक-जावयांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे लांब दांड्याचं छपर-फावडं आणलं. खळ्यावर धान्य ओढायचं लाकडी फावडं असतं ना, तसंच, फक्त ॲल्युमिनियमचं आणि पंधरा-वीस फूट दांड्याचं. जमिनीवर उभं राहून काठापासून तीन-चार फूट वरपर्यंतचा बर्फ अलगद खाली ओढायचा. शिंगल खरवडायच्या नाहीत, थोडा थर राहू द्यायचा, आणि दांडा विजेच्या तारेपासून लांब ठेवायचा. वितळायला वर बर्फच उरला नाही तर पाणी कुठून येणार? मात्र हे काम बर्फ पडल्या पडल्या, तो भुसभुशीत असताना करायचं. दगड झाल्यावर फावडं काय करणार?

दुसरी गोष्ट मला फार आवडली. लेकीने तिचे जुने लांब पायमोजे घेतले, त्यांत कॅल्शियम क्लोराइडचे खडे भरले, गाठ मारली आणि ते धुऱ्यावर आडवे न टाकता उभे टाकले, म्हणजे एक टोक धुऱ्याच्या मागच्या तळ्यात आणि दुसरं काठाबाहेर लोंबलेलं. आपलं जेवणातलं मीठ इथे चालत नाही. उणे दहाच्या आसपास ते थकतं, वर खिळे-पन्हाळी गंजवतं आणि खालची झाडं जाळतं. कॅल्शियम क्लोराइड विरघळताना स्वतःच उष्णता सोडतं आणि कितीतरी जास्त थंडीत काम करतं. व्हिडिओवर तिने टॉर्च मारून दाखवलं. छपराच्या काठावरून एक पाय लोंबतोय असं दिसत होतं, टाचेसकट. मामाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग पुन्हा गंभीर होऊन म्हणाले, “म्हनजे धुऱ्याले चर पाडली तिनं.” सकाळपर्यंत त्या मोज्याने बर्फात बोटभर नाली कोरली होती आणि तुंबलेलं पाणी त्यातून ठिबकायला लागलं होतं. धुरा फोडायचा नाही, त्याला फक्त वाट पाडायची. सोयाबीनच्या वावरात आम्ही दुसरं काय करतो?

चार दिवसांनी वाफेने बर्फ कापणारी माणसं आली. ठोकणं नाही, खरवडणं नाही, पाइपातून नुसती वाफ सोडून त्यांनी वरंब्याचे ठोकळे ठोकळे केले आणि खाली सोडले. गळती थांबली.

इथे हा लेख संपायला हवा होता. पण मामाजींचं समाधान झालेलं नव्हतं. “धुरा गेला, पन ऊन वर कोठून जाऊन रायली?” असं ते दोन दिवस पुटपुटत होते. ऊन म्हणजे इथे ऊब. मग त्यांनी लेकीला एक विचित्र प्रश्न केला, “माय, तुह्या गावात बाकीच्याईची छपरं कशी हायेत? पांढरी का टक्कल पडलेली?”

ती दुसऱ्या दिवशी गल्लीत चक्कर मारून आली. समोरच्या म्हाताऱ्या जोडप्याचं छपर एकसारखं पांढरंशुभ्र, काठाला एकही कांडी नाही. हिच्या छपरावर मात्र मधोमध, आढ्याच्या थोडं खाली, परातीएवढं टक्कल. तेवढ्याच जागी बर्फ वितळून शिंगल उघड्या पडलेल्या.

मामाजींची ही नजर कवेलूच्या घरांनी घडवलेली. मे महिन्यात, मृग लागायच्या आधी, घर फेरायला माणूस यायचा. फेरणं म्हणजे सगळी कवेलू एका कडेने उतरवायची, फुटकी वेगळी करायची, फाटे (वासे) आणि कमच्या (बांबूच्या पट्ट्या) तपासायच्या, कुजलेली कमची बदलायची आणि मग पुन्हा एक ओळ उताणी, तिच्यावर एक ओळ पालथी, अशी घालत जायची. आमच्या गावचा कुंभार देशी कवेलू करायचा ते चाकावर निमुळती नळी ओढून, ती ओली असतानाच उभी चिरून. एका नळीची दोन कवेलू. मांडीवर थापतात असं लोक म्हणतात, मी तरी तसं पाहिलं नाही.

तर फेरायच्या आदल्या दिवशी भर दुपारी मामाजी घराची दारं-खिडक्या लावून घ्यायचे. अंधार झाला की वरून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडायचे, पैशाएवढे, बोराएवढे. जिथून कवडसा, तिथून पाणी. मामाजी खडूने खुणा करत फिरायचे. पोरांना हा खेळ वाटायचा. कवडशात हात धरायचे आणि धूळ नाचताना बघायचे. पण मामाजी दरवेळी सांगायचे की गळतं तिथे भोक नसतं. भोक वर असतं, पाणी फाट्यावरून घसरत घसरत येतं आणि दोन हात खाली कुठेतरी टपकतं. म्हणून ठिबकणाऱ्या जागेवर पडून राहू नये, वर चढत जावं.

लेकीच्या घराचं तसंच झालं. टपकत होतं खिडकीवर, तुंबलं होतं वळचणीला, आणि टक्कल होतं आढ्याखाली. तीन जागा. चौथी अजून सापडायची होती.

त्यासाठी मामाजींनी गोठ्याची गोष्ट सांगितली. ही मलाही ठाऊक होती, पण मी तिला कधी विज्ञान समजले नव्हते. 29 डिसेंबर 2018 ला नागपूरचा पारा 3.5 अंशांवर आला होता, त्या आठवड्यातली. आमचा गोठा टिनाचा. आभाळ निरभ्र, चांदण्या टिपूर, आणि पहाटे गोठ्यात चक्क पाऊस पडत होता. बैलांच्या पाठी ओल्या. आमच्या यांना वाटलं टिनाला भोकं पडली. मामाजी म्हणाले, “भोक नाई, टिनाले घाम आला.” बैलांचा श्वास, शेण-मुताची ऊब, सगळी वाफ वर जाऊन गार टिनाला चिकटत होती आणि थेंब होऊन खाली येत होती. मामाजींनी आढ्याकडची दोन टिनं थोडी उचलून खाली विटेचे तुकडे सारले, वाफेला जायला फट ठेवली. घाम पुष्कळ कमी झाला.

“तुह्या माळ्याले घाम येऊन रायला काय, थे पाय,” ते लेकीला म्हणाले.

ती टॉर्च घेऊन माळ्यावर चढली. आम्ही व्हिडिओवर. प्लायवूडमधून खाली आलेली शेकडो खिळ्यांची टोकं, आणि प्रत्येक टोकावर पांढरा फुलारा. खिळ्या-खिळ्याला जणू कापूस फुटला होता. घरातली दमट हवा वर येऊन त्या गार लोखंडावर गोठलेली. एका बाजूला हा कापूस दाट होत गेला, आणि तिथेच सापडली चौथी जागा. न्हाणीघरातल्या पंख्याची वाफ बाहेर नेणारी नळी छपराच्या भोकातून सुटून माळ्यावरच आडवी पडली होती. गरम पाण्याची प्रत्येक आंघोळ गेली दोन वर्षं माळ्यावर जात होती. नळीभोवतीचा, ऊब अडवायला माळ्यावर अंथरलेला कापसासारखा थर भिजून चिकट झालेला, आणि बरोबर त्याच्या वर छपराला टक्कल.

घर घेताना तपासणीला आलेल्या माणसाने म्हणे चाळीस पानांचा अहवाल दिला होता. त्यात दाराची कडी ढिली आहे हेसुद्धा लिहिलं होतं.

उन्हाळ्यात त्यांनी सगळं नीट करून घेतलं. नळी छपराबाहेर काढली. दिव्यांच्या भोवतालच्या, तारा-पाइप जिथून वर जातात तिथल्या, चिमणीच्या कडेच्या फटी बंद केल्या. चिमणीपाशी पत्रा आणि आग सोसणारा मसाला, कारण तिथे फोम चालत नाही. माळ्यावर चढायच्या झाकणाला रबराची पट्टी लावली. मगच उष्णतारोधक थर वाढवला, सव्वा-दीड फूट जाड. थंड मुलखात आर-49 ते आर-60 एवढा लागतो म्हणे. ‘आर’ म्हणजे थर उष्णतेला किती अडवतो त्याचं माप. फटी बुजवल्याशिवाय थर टाकला तर ऊब त्यातूनही वाट काढते, म्हणून हा क्रम महत्त्वाचा. मामाजींनी त्याचं भाषांतर केलं, “आंधी भोकं बुजव, मंग कुटार टाक.” कुटार म्हणजे भुसा. आणि वळचणीखालच्या जाळ्या मोकळ्या केल्या. जुन्या थराने त्या बुजल्या होत्या. तिथून गार हवा आत यायला हवी आणि आढ्याकडून बाहेर जायला हवी. खोल्या उबदार आणि माळा बाहेरच्याइतका गार, असं झालं तरच छपर एकसारखं थंड राहतं आणि बर्फ जागच्या जागी बसतो. पुढे कधी शिंगल बदलायच्या झाल्या तर काठापासून भिंतीच्या आत किमान 24 इंचांपर्यंत खाली चिकट पडदा अंथरायचा, तो तिकडच्या थंड भागात बांधकाम-नियमातच आहे. जावयांना काठावर विजेच्या गरम तारा बसवायच्या होत्या. बसवतात लोक, नागमोडी. पण त्या पाण्याला तेवढी नाली करून देतात, बिल खातात आणि मूळ दुखणं तसंच ठेवतात. मला तरी ते पटलं नाही, आणि सुदैवाने लेकीलाही नाही.

मला या सगळ्यात एकाच गोष्टीची मौज वाटते. आमचं कवेलूचं घर ठायी ठायी फटींचं होतं. चुलीचा धूर कवेलूंतून आरपार जायचा. सकाळी गावाबाहेरून पाहिलं तर प्रत्येक छपरातून धूर झिरपताना दिसायचा, घरं श्वास घेतायत असं वाटायचं. त्या धुराने कमच्या काळ्या कुळकुळीत व्हायच्या आणि त्यांना कीड लागायची नाही. फट हाच आमचा कारभार होता. तिकडे एका नळीची फट घर पाडायला निघाली. छपर कुठलंही असो, त्याच्या खाली काय शिजतंय आणि वर काय पडतंय, यावर त्याचं शहाणपण ठरतं. आमच्या उन्हाळ्यात टिनाखाली बसवत नाही, म्हणून लोक टिनावर तुराट्या-पराट्या, म्हणजे तुरीच्या-कपाशीच्या वाळक्या काड्या, अंथरतात, ऊन आत येऊ नये म्हणून. लेकीने दीड फूट थर टाकला तो ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. मामाजींच्या हिशेबी दोन्ही तुराट्याच.

कवेलूचं घर आता नाही. गारपिटीनंतर दोन वर्षं टिन टाकून काढली, मग स्लॅब घातला. खरं कारण गारा नव्हत्याच, वानरं होती. टोळी आली की वीस-पंचवीस कवेलूंचा चुरा, आणि घर फेरणारा माणूस म्हातारा झाला, त्याची पोरं पुण्याला कंपनीत. स्लॅबला फेरावं लागत नाही, या आनंदात आम्ही होतो. मिस्त्रीने उतार दिला तो मात्र पन्हाळीच्या उलट दिशेला. दर झडीला गच्चीच्या एका कोपऱ्यात पाणी साचतं आणि मधल्या खोलीच्या छताला नकाशा उमटतो. लेकीला सल्ले देत असताना तो नकाशा मामाजींच्या बरोबर डोक्यावर होता. मी एकदा तसं म्हटलंही. “थे तं हायेच,” म्हणाले, आणि पडल्या पडल्या वर बघत राहिले. दुसऱ्या दिवशी गच्चीवर जाऊन मी पन्हाळीचं तोंड पाहिलं. कडुनिंबाचा पाला, एक फुगा आणि खताच्या पिशवीचा तुकडा.

या जानेवारीत लेकीने पुन्हा फोटो टाकला. छपरावर फूटभर बर्फ, आढ्यापासून वळचणीपर्यंत सपाट, एकसारखा, कुठे टक्कल नाही, काठाला एकही कांडी नाही. फोटोत बघण्यासारखं काहीच नव्हतं. ग्रुपवर कोणी हात जोडले नाहीत, गुलाब आला नाही. संध्याकाळी मामाजींनी फोन मागितला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि काठाने काठाने, इकडून तिकडे, पूर्ण छपर पाहून काढलं.

“यावर तो आंगठा कसा टाकतात बाई?” त्यांनी विचारलं. “टाकून दे एक. माह्या नावानं.”